भिंतीवरची राखाडी पिशवी सिमेंट खात नाही

पावसाळा लागला की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो: भिंतीवर दिसणारी, भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी म्हणजे विषारी अळी असून ती हलक्या सिमेंटातून जन्मते, गिलावा खाऊन भिंत पोकळ करते आणि तिला हात लागल्यास अंगावर गांधी उठतात, सबब भिंतीवर रॉकेल मारावे.

आधी सिमेंटाचे पाहू. आमच्या जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंती मातीत रचलेल्या आहेत, त्यांना सिमेंट कधी लागलेलेच नाही, तरी माजघरात दर पावसाळ्यात या पिशव्या दिसतात. फक्त तिथे त्यांचा रंग चिऱ्याच्या भुकटीमुळे तांबूस असतो. याचे कारण असे की फेरिओका प्रजातीच्या लहान राखाडी पतंगाची अळी रेशीम काढून पिशवी विणते आणि आसपास मिळेल ती रेती, धूळ, धागे तिला बाहेरून चिकटवते. गिलाव्याचे कण तिच्या अंगरख्याला लागतात, पोटात जात नाहीत. तिचे खाणे म्हणजे जळमटे, मेलेले किडे आणि गळलेले केस. हा पतंग लोकरीला लागणाऱ्या कसरीचाच सोयरा असल्यामुळे लोकरीची शाल मात्र तिच्यापासून जपावी, हे मान्य केले पाहिजे. सुती कपड्यांना तिचा उपद्रव नाही.

विषाचा आरोप तर अगदीच निराधार आहे. पिशवी 8 ते 14 मिलिमीटर लांब आणि दोन्ही टोकांना उघडी असते. थोडा वेळ न हलता पाहिले, तर एका टोकातून काळपट डोके आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर येतात आणि अळी आपले घर ओढत निघते. बोट लावताच ती आत जाते आणि पुष्कळदा आतल्या आत वळून दुसऱ्या टोकातून डोकावते. तिला दंश नाही, खाजरे केसही नाहीत. गांधी उठतात त्या शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांमुळे, आणि दोघांची गल्लत झालेली दिसते. पुढे पिशवीतून निघणारा पतंग तर काही खातही नाही.

रॉकेलाने भिंतीला डाग आणि घराला वास एवढेच पदरी पडेल. या अळीला दमट हवा लागते, म्हणून ती कपाटामागे, पोटमाळ्यावर, न्हाणीच्या भिंतीलगत सापडते. तिथली जळमटे कुंच्याने काढून पिशव्या केरात टाकल्या आणि ओल हटवली की काम झाले.