डिप्रेशन आलंय? आधी आजार बदलून घ्या!

परवा ऑफिसात सायकॅट्रिस्टचं सर्टिफिकेट दिलं. तीन दिवसांची रजा, बस. साहेबांनी कागद दोन बोटांत धरला, शिळा बांगडा धरतात तसा, आणि म्हणाले, "हे कशाला आणलंस? दुसऱ्या कुणाकडून टायफॉईडचं आण, लगेच सही करतो." तेव्हापासून मी शहाणा झालोय. रत्नागिरीत नोकरी करत असाल आणि मन ठिकाणावर नसेल, तर हे शहाणपण फुकट घ्या.

आजार नीट निवडा. टायफॉईड, मूळव्याध, पाठ धरली, काहीही चालेल.

रडायचं असेल तर बाथरूममध्ये, नळ सोडून.

गोळ्यांच्या डबीवर 'ॲसिडिटी' लिहा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, हे कुणाला सांगू नका, कारण चौथ्या दिवशी विचारणार, "काय, झालास का बरा?"

उदास वाटलं की भाट्याच्या समुद्रावर जा. मुंबईची माणसं एवढे पैसे घालवून येतात, तुला तर फुकटात आहे, असं साहेब सांगतातच. (रिपोर्ट संपवून आठ वाजता निघतो, अंधारात काय लाटा मोजू?)

आता रजेचं. रजा मागायची तर कारण कोकणातलं हवं. गणपतीला पाच दिवस, साहेब स्वतःच विचारतात "गावी कधी निघतोस?" शिमग्याला पालखी घरी यायचीय, घ्या रजा. लावणीला माणसं मिळत नाहीत, घ्या. कलमांना फवारणी, घ्या बाबा, आंब्याची पेटी तेवढी आणा. आणि सकाळी अंथरुणातून उठून दात घासायला तासभर लागतो, साधा बेरजेचा कॉलम तीनदा चुकतो, रात्री तीनला टक्क जाग येते, त्याला रजा नाही, ते म्हणे मनाचे खेळ! वर आमच्याच ऑफिसात १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचा बॅनर, 'बोलते व्हा' लिहिलेला, त्याच्यापुढे साहेबांचा फोटो. झालो की बोलता! तर दुसऱ्या दिवशी शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत आणि "याला आपल्या मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट करा" म्हणून खिदळणं सुरू. इंग्रजांच्या काळापासून या गावात मनोरुग्णालय आहे, तरी अजून आमच्याकडे तो विनोदच.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की शरीराच्या आजाराला जी वागणूक तीच मनाच्या आजाराला, विमासुद्धा. पण कायदा दिल्लीचा, ऑफिस आमचं. त्यापेक्षा टेली-मानसला, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ लावा, फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात, आणि निदान टायफॉईडचं आण म्हणत नाहीत.

जाऊ दे, नाही जमत मला हे गमतीत.

साहेब, तुमची बायपास झाली तेव्हा तुमचं टेबल आम्ही दोन महिने ओढलं. कुणी म्हणालं का, समुद्रावर फिरून या, बरं वाटेल? तुमच्या सर्टिफिकेटला कुणी बोटाच्या टोकाने धरलं? खोटा कागद आणला तर सही आणि खरा आणला तर चेष्टा, लाज वाटायला हवी. सायकॅट्रिस्टपण एमबीबीएस करूनच पुढे शिकलेला असतो. टायफॉईडचं मी आणणार नाही. कागद तोच आहे, तुमच्या टेबलावर, पेपरवेटखाली. सही करा.