‘काडीचाही संबंध नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना

पर्यटनाची आकडेवारी आणि परदेशी विद्यार्थी यांच्यावरच्या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली ती अशी: “पर्यटकांचे आकडे आणि परदेशी विद्यार्थ्यांचं शिक्षण यांचा काडीचाही संबंध नाही. लेखकाने दोन्हींची शाळकरी खिचडी केली आहे. आलेख वाचता येत नाहीत, भारताबद्दल जेमतेम एक ओळ आहे, आणि बहुसांस्कृतिक वर्ग म्हणजे काय हे लेखकाला ठाऊक दिसत नाही.”

आधी सुराबद्दल. ‘शाळकरी’ कशासाठी? मुद्दा चुकीचा वाटला तर चुकीचा म्हणा, कुठे ते दाखवा. टोपणनावाआडून लिहिताना हात जरा सैल सुटतो, हे समजू शकतो. प्रवासी सर्वेक्षणांचे कच्चे तक्ते वाचण्यात आणि महाविद्यालयांच्या परदेशी विद्यार्थी कक्षांना ते उलगडून सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत.

आता ‘काडीचाही संबंध’. जगभरातली पर्यटनाची आकडेवारी संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींवर चालते. त्यांत नेहमीच्या वावराबाहेर, वर्षभरापेक्षा कमी काळासाठी गेलेला आणि तिथे नोकरी करायला न गेलेला कोणीही अभ्यागत ठरतो. शिक्षण हा प्रवासाचा एक अधिकृत हेतू आहे. म्हणजे एका सत्रासाठी आलेला विद्यार्थी पर्यटनाच्या मोजणीत बसतो आणि त्याच बाकावरचा तीन वर्षांच्या पदवीचा विद्यार्थी बसत नाही. पैशांच्या हिशेबात मात्र उलटं. व्यवहारतोलाच्या, म्हणजे देशाच्या बाहेरच्या जगाशी होणाऱ्या देवघेवीच्या हिशेबाच्या, नियमांनुसार विद्यार्थी कितीही वर्षं राहिला तरी सहसा मायदेशाचाच रहिवासी मानला जातो आणि त्याची फी, खोलीभाडं, किराणा हे सगळं ‘प्रवास’ या खात्यात जातं. लीड्समध्ये तीन वर्षं शिकणारी नागपूरची मुलगी माणसं मोजताना पर्यटक नाही, पण तिचे पौंड पर्यटकाचे. ही खिचडी मी शिजवलेली नाही, साहेब.

ब्रिटनचं उदाहरण तुम्ही ‘अप्रस्तुत’ म्हणूनही उल्लेखलं नाहीत, म्हणून पुन्हा मांडतो. तिथलं आंतरराष्ट्रीय प्रवासी सर्वेक्षण १९६१ पासूनचं. विमानतळ, बंदरं आणि इंग्लिश खाडीखालचा बोगदा इथे उभं राहून प्रवाशांना विचारायचं: कशासाठी आलात, किती दिवस राहणार, किती खर्च केलात. हे पर्यटन आणि व्यवहारतोल यांच्यासाठी बेतलेलं साधन. पुढे त्यावरच स्थलांतराचा आकडा बेतला गेला. वर्षाला ७ ते ८ लाख लोकांशी बोलणं व्हायचं, पण त्यांत दीर्घकाळ राहायला आलेले जेमतेम काही हजार सापडायचे. त्यांतून विद्यार्थी वेगळे काढले की नमुना आणखी पातळ.

खरी गडबड हेतूच्या प्रश्नात आहे. येताना विद्यार्थी सांगतो, ‘वर्षाहून जास्त राहणार’; नोंद पक्की. जाताना त्याचं काहीच ठरलेलं नसतं. पदवीदान समारंभाला परत येईन, नोकरी मिळाली तर चार महिन्यांत येईन, असं तो म्हणतो. मग बारा महिन्यांसाठी देश सोडणाऱ्यांत तो धरला जात नाही. आलेला मोजला, गेलेला निसटला. त्यात इंग्लंडमधली पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची, म्हणजे नेमकी त्या बारा महिन्यांच्या रेषेवर. परिणामी कागदावर दरवर्षी लाखाच्या आसपास विद्यार्थी ‘परत न गेलेले’ दिसत राहिले. एप्रिल २०१५ मध्ये बाहेर जाणाऱ्यांची पद्धतशीर तपासणी सुरू झाली आणि ऑगस्ट २०१७ च्या अहवालांत दिसलं की युरोपबाहेरचे सुमारे ९७ टक्के विद्यार्थी मुदतीत परतलेले होते. २०१९ साली ब्रिटिश सांख्यिकी कार्यालयाने स्वतःच्या स्थलांतर आकड्यांवर ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारला. या सगळ्याच्या आधीच, एप्रिल २०१२ मध्ये, शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा बंद झाला होता. तशी सोय पुन्हा आली ती जुलै २०२१ मध्ये. स्थलांतर घटवण्याचं सगळं राजकारण त्या काळात याच फुगलेल्या आकड्यावर चाललं होतं. एवढा ‘काडीचा’ संबंध.

भारताबद्दल एकच ओळ होती, ठीक आहे, ही घ्या आणखी काही. २०१८ साली परदेशी पर्यटकांची आगमनं १ कोटी ५ लाखांच्या वर. राज्यांनी नोंदवलेल्या परदेशी भेटींची बेरीज २ कोटी ८८ लाखांच्या वर. कारण पहिला आकडा सीमेवरचा, दुसरा राज्याराज्यातला. मुंबई, गोवा, जयपूर केलेला माणूस दुसऱ्यात तीनदा येतो. आणि दोन्ही आकडे डोकी मोजत नाहीत. सुट्टीत घरी जाऊन आलेला माणूस पुन्हा नवं आगमन. वर्गातली मुलं हवी असतील तर उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण उघडावं लागतं: २०२१-२२ मध्ये ४६,८७८ परदेशी विद्यार्थी, त्यांत सुमारे २८ टक्के नेपाळचे. नेपाळी विद्यार्थ्याला व्हिसा लागतच नाही, त्यामुळे विद्यार्थी-व्हिसा मोजत बसलात तर सगळ्यात मोठा गटच गळतो.

म्हणून महाविद्यालयांच्या परदेशी विद्यार्थी कक्षात बसून काम करणाऱ्यांना माझं सांगणं असतं: आधी प्रवेशाच्या नोंदीतून नागरिकत्व आणि मुक्कामाची लांबी या दोन रकान्यांचा तक्ता करा, सहा महिन्यांच्या आतले वेगळे काढा. मग वसतिगृहाने परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवण्यासाठी २४ तासांत भरायचे फॉर्म (जुनं नाव सी फॉर्म) त्याच्याशी ताडून पाहा. नेपाळ-भूतानची नावं हाताने मिळवा. त्यानंतरच पर्यटन खात्याचा आलेख शेजारी ठेवा, तोही त्याच महिन्यांचा. कॅलेंडर वर्ष आणि शैक्षणिक वर्ष एकमेकांवर बसत नाहीत, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

आलेखांतली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. ती मोठी केली आहेत. बहुसांस्कृतिक वर्गाबद्दल मला काय ठाऊक आहे याची चर्चा तुमच्याशी करायची इच्छा सध्या नाही. त्या वाक्यात मुद्दा नव्हता, फक्त टोमणा होता.

पहिल्या वाक्यावर अजूनही ठाम असाल, तर प्रवासी सर्वेक्षणाला हात न लावता ब्रिटनचा २०१४ चा विद्यार्थ्यांचा निव्वळ आकडा (आलेले वजा गेलेले) कसा काढाल ते पायरीपायरीने लिहून पाठवा. जसंच्या तसं छापेन, टोपणनावासकट.