‘चार गर्दुल्ले एकत्र बसले की पाचवा तयार होतो’ : या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात हा मेसेज आधी आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला, मग बिल्डिंगच्या, मग ऑफिसातल्या मैत्रिणीकडून. शब्द सगळीकडे तेच: ‘व्यसनमुक्तीचे ग्रुप म्हणजे धूळफेक. चार गर्दुल्ले एका खोलीत बसले की पाचवा तयार होतो. मनाचा निश्चय असेल तर माणूस एकटा सुटतो. हे परदेशी खूळ आहे, त्यामागे धर्म आणि पैसा आहे. महिनाभरात हेच लोक परत पन्नीवर दिसतात.’ पन्नी म्हणजे गर्द ओढायचा चमकता कागद. मेसेजच्या खाली जोडलेले हात आणि ‘सर्व पालकांना पाठवा’.

मावशीने तो काळजीपोटीच पाठवला, हे मला माहीत आहे. पण लालबागच्या आमच्या खोलीत तो मेसेज आला तेव्हा माझा धाकटा भाऊ समोर जेवायला बसला होता. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, सोडून त्याला साडेतीन वर्षं झाली, आणि ती त्याने याच ‘ग्रुप’मध्ये बसून काढली आहेत. त्याने मेसेज वाचला, अर्ध्यावर ताट उचललं आणि मोरीत जाऊन घासत बसला. त्याने मला परवानगी दिली आहे म्हणून त्याचं सांगते. मीटिंगमध्ये ऐकलेलं दुसऱ्या कुणाचं सांगणार नाही, तो तिथला नियम आहे.

पहिलं वाक्य लोकांना चटकन पटतं, कारण त्यातली भीती अगदीच खोटी नाही. बिघडू लागलेल्या किशोरवयीन मुलांचे गट केले की ती एकमेकांच्या उचापतींना हसून दाद देतात आणि काही जणं आणखी बिघडतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे कोण बसलंय आणि दाद कशाला मिळते, यावर सगळं अवलंबून आहे.

आता माझा भाऊ जातो त्या ग्रुपची, नार्कोटिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे एनएची, मीटिंग कशी असते ते सांगते. घरच्यांना चालणाऱ्या ‘ओपन’ मीटिंगला मी पहिल्यांदा गेले ती एका शाळेच्या वर्गात होती. तिसरी-चौथीच्या पोरांचे बाक, गुडघे टेकतील एवढे बुटके. फळ्यावर सकाळचा पाढा तसाच. सुरुवातीलाच वाचून दाखवलं की अंगावर माल किंवा ओढायचं सामान असेल तर बाहेर ठेवून या. मग एकेक जण बोलला. मधे कुणी तोंड घातलं नाही, सल्ला दिला नाही. कुठे मिळतं, कितीला मिळतं, याचा शब्द नाही. शेवटी कीटॅग वाटले. नव्याला पांढरा, तीस दिवसांना नारिंगी, साठला हिरवा, नव्वदला लाल. माझ्या भावाला त्या दिवशी नारिंगी मिळाला. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी शेवटच्या टाळ्या दहावीच्या निकालाला वाजल्या होत्या. दाद मिळते ती न घेतलेल्या दिवसांना. आणि नवा मुलगा ज्याच्या शेजारी बसतो त्याच्या खिशात दहा-दहा वर्षांचा टॅग असतो.

पाचवा तयार होत असेल तर तो स्टेशनच्या पुलाखाली होतो. तिथे तर कुणी मेसेज वाटत नाही.

निश्चयाचं म्हणाल तर मला रागच येतो. पहाटे चारला कमरेएवढ्या पाण्यातून पुडी आणायला जाणाऱ्या माणसाला निश्चय नाही असं कसं म्हणू? त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आजोबांच्या फोटोसमोर घेतली, आणि प्रत्येक वेळी मनापासून घेतली. सगळ्यात जास्त टिकली ती अकरा दिवस. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावरचा त्रास, लागली की हाडं कुरतडल्यासारखी दुखतात, नाका-डोळ्यांतून पाणी, रात्र-रात्र झोप नाही. ती आठवड्या-दीड आठवड्यात ओसरते, पण ओढ राहते महिनोन्महिने. आमच्या गिरणगावाने हा निश्चयाचा उपाय करून पाहिलाय. १९८२चा संप आणि ब्राऊन शुगर साधारण एकाच काळात आले. आमच्याच चाळीत एका घरात मुलाला खाटेला बांधून ठेवलं होतं. बाबा सांगतात, सोडल्याच्या संध्याकाळीच तो परत गेला.

आणि परदेशी खूळ? एनए १९५३ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, ते खरंच. पण माळ घालून दारू सोडलेली माणसं आपल्या गावोगावी आहेत की नाहीत? त्या माळेत तुळशीच्या मण्यांपलीकडे काय असतं ते बघा. संध्याकाळी भजनाला माणूस दिसला नाही की कुणीतरी घरी डोकावतं. एकादशी पाळायची असते. आषाढीला दिंडीत शेजारी चालणाऱ्याला ठाऊक असतं की हा कशातून आलाय. माळकरी एकटा सुटलेला नसतो. ज्यांना हे पटतं, त्यांना शाळेच्या वर्गातलं तेच का पटू नये, मला कळत नाही.

धर्म आणि पैसा याबद्दल थोडक्यात. एनए ज्या बारा पायऱ्यांनी चालते त्या मुळात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या, त्यांची भाषा १९३०च्या दशकातल्या अमेरिकन ख्रिस्ती वातावरणातून आली आणि त्यात देव आहे. पण ‘आम्हाला समजेल तसा’ देव. भावाने विठोबा धरला, त्याला कुणी अडवलं नाही. फी नाही. एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, बाहेरच्यांकडून देणगी घेतच नाहीत. आमचे पैसे गेले ते आधी, मुंबईबाहेरच्या एका खाजगी केंद्रात. तीन महिने आगाऊ घेतले, भेटू दिलं नाही, परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. अशी केंद्रं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदलेली असावी लागतात. नोंदणीचा कागद बघायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मेसेज फिरवायचाच तर हा फिरवा.

मेसेजमध्ये नसलेली, पण व्हायला हवी होती अशी एक टीका मी स्वतः करते. ग्रुप म्हणजे औषधोपचार नव्हे. कोक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि साडेदहा हजारांवर माणसं तपासली, त्यात बारा पायऱ्यांच्या वाटेने गेलेल्यांपैकी शंभरात ४२ जण वर्षभर पूर्ण कोरडे राहिले, इतर उपचारांत ३५. पण हा आढावा दारूचा आहे. गर्दसारख्या अफूजन्य नशेत ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं माणसाचा जीव वाचवतात. भाऊ सुरुवातीला त्या औषधासाठी रोज सरकारी केंद्रात जायचा. नर्ससमोर गोळी जिभेखाली ठेवून विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. तेव्हा मीटिंगमधल्या एकाने त्याला सुनावलं, ‘गोळी घेतोस म्हणजे तू क्लीन नाहीस.’ हे चुकीचं आहे आणि धोक्याचं आहे. सभासद व्हायला एनएची अट एकच, नशा थांबवायची इच्छा. गोळी कधी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील.

राहिलं ‘परत पन्नीवर दिसतात’. हो, दिसतात. व्यसनातून सुटणाऱ्या शंभरातले चाळीस ते साठ जण कधी ना कधी घसरतात, आणि रक्तदाबाचे किंवा दम्याचे रुग्णही साधारण तितकेच औषधपाण्यातून ढळतात. त्यांना आपण धूळफेक म्हणत नाही. माझा भाऊ पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात घसरला. त्या वेळेला जीव जायची भीती सर्वांत जास्त असते, कारण शरीराची सवय गेलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो. श्वास थांबतो. त्या रात्री मी त्याला दाराबाहेर ठेवलं. मी, सख्ख्या बहिणीने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मीटिंगला गेला, हात वर करून सांगितलं, आणि परत पांढरा टॅग घेतला. टाळ्या तितक्याच वाजल्या, असं तो म्हणतो. त्याचा स्पॉन्सर, म्हणजे त्याला सांभाळून घेणारा मीटिंगमधला जुना सभासद, त्याला घरी सोडायला आला आणि मला म्हणाला, ‘ताई, आज त्याला जेवायला घाला, बाकी उद्या बोलू.’

मावशी, हे सगळं तुला फोनवर सांगता आलं नाही. कुणाच्या घरी गरज असेल तर सरकारचा १४४४६ हा मोफत नंबर आहे. आणि तू विचारलंस ना, तो एवढ्या रात्री कुठे जातो म्हणून? परवा पावणेबाराला त्याचा फोन वाजला. नवा मुलगा होता, करी रोड स्टेशनच्या जिन्यावर बसलेला, खिशात पैसे आणि अंगात टर्की. भाऊ चप्पल घालून निघाला. दोन वाजता परत आला तो त्या मुलाला घेऊनच. आईने काही न विचारता दोघांना दहीभात वाढला.