‘एसी असताना दिशा कशाला बघायची?’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खरेदी आणि सेवा केंद्राचा आराखडा हवामानाप्रमाणे बदलला पाहिजे, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचा आक्षेप असा की एसी आल्यावर ऊन, वारा, दिशा यांचा विचार जुन्या बाजारपेठांपुरता उरला आणि चारही बाजूंनी बंद मॉल कुठेही सारखाच चालतो.

गंमत म्हणजे तो बंद मॉल आला तोच हवामानामुळे. अमेरिकेत मिनेसोटातल्या ईडायना इथलं साउथडेल सेंटर १९५६ मध्ये सुरू झालं. आराखडा व्हिक्टर ग्रुएन यांचा. तिथला हिवाळा गोठवणारा, उन्हाळाही कडक. म्हणून मधला चौक झाकला आणि दुकानं दोन मजल्यांवर रचून चालायचं अंतर कमी केलं. पुढे हाच साचा सौम्य हवेच्या ठिकाणीही उचलला गेला.

आता एसीचं. पश्चिमेच्या तीन मीटर उंच काचेवर उतरतं ऊन क्षितिजापासून २० अंशांवरून येतं, तेव्हा ते अडवायला सव्वाआठ मीटरचा छज्जा लागेल. तो कोणी बांधत नाही; एसीच वाढवतात. त्यापेक्षा त्या बाजूला गोदाम, जिने, स्वच्छतागृहं आणि माल उतरवायची जागा ठेवा. उत्तर गोलार्धात दक्षिणेला ६० अंशांवरच्या उन्हासाठी तेवढ्याच काचेला पावणेदोन मीटर छज्जा पुरतो.

दमट प्रदेशात दुखणं वेगळं. फूड कोर्टचे एक्झॉस्ट पंखे आत येणाऱ्या ताज्या हवेपेक्षा जास्त हवा बाहेर फेकतात, मग इमारत दारांतून आणि फटींतून ओली हवा ओढते. थंड पृष्ठभागावर पाणी धरतं, छताच्या टाइलवर बुरशी येते, आणि दोष एसीवाल्याच्या माथी! ताजी हवा एक्झॉस्टपेक्षा थोडी जास्तच हवी, तीही आधी कोरडी करून.

बर्फाच्या प्रदेशात प्रवेशाला दुहेरी दार लागतं. दोन दारांत किमान २.१ मीटर अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही एकदम उघडी राहतात. पार्किंगमधला बर्फ उताराच्या खालच्या कडेला रचायचा. वर रचला तर दिवसा वितळलेलं पाणी पायवाटेवरून वाहतं आणि रात्री तिथेच गोठतं. अशा हवेत माणूस फार चालत नाही, म्हणून दवाखाना, औषधांचं दुकान, टपाल आणि पाळणाघर एकाच छपराखाली, बसथांब्याला लागून असावं. हे काम एसी करू शकत नाही.

एक चूक मात्र तुम्ही नेमकी पकडलीत. दमट प्रदेशासाठी मी तीन मीटर उंचीवर तीन मीटर रुंद छज्जा सुचवला होता. पाऊस ४५ अंशांत तिरका आला की त्याखालची फरशी पार भिंतीपर्यंत भिजते. छज्जा चार मीटर रुंद करा आणि बाहेरची कड २.२ मीटरपर्यंत खाली आणा, भिंतीलगत १.८ मीटर कोरडं राहतं, दोन माणसं शेजारून जातात. भिजणाऱ्या पट्ट्यात खरखरीत फरशी आणि बाहेरच्या बाजूला पन्नासात एक उतार द्या. लेखात तेवढी दुरुस्ती केली आहे.