‘मोठा कॅरेट, व्हीव्हीएस आणि 24 कॅरेट सोनं’ : त्या फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

एंगेजमेंट रिंगवाला तो फॉरवर्ड ह्या आठवड्यात मला तिसऱ्यांदा आला, आणि ह्यावेळी पाठवणारा माझा मावसभाऊच, जो खरंच अंगठी घ्यायला निघालाय, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: जितका कॅरेट जास्त तितका हिरा भारी, व्हीव्हीएसच्या (आत जवळजवळ डाग नसलेल्या दर्जाच्या) खाली बघूच नका, सोनं घ्याल तर 24 कॅरेट नाहीतर सरळ प्लॅटिनम कारण त्यावर ओरखडा उठत नाही, लॅबमधला हिरा म्हणजे नकली, आणि खरं-खोटं बघायला खड्यावर तोंडाची वाफ सोडा नाहीतर हातोडी मारा.

हातोडीचं आधी घेतो कारण त्यात नुकसान आहे. ऐरणीवर घण सोसतो तोच खरा हिरा, हे दृष्टांत म्हणून छान आहे हो, पण कडकपणा म्हणजे ओरखडा न उठणं, फटका सोसणं ही वेगळी गोष्ट. हिऱ्याला चार दिशांना चीर जाऊ शकते आणि पैलू पाडणाऱ्यांना हे पूर्वीपासून माहितीये, 1905 साली सापडलेला 3,106 कॅरेटचा कलिनन हिरा 1908 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जोसेफ आशरने पातं ठेवून, वर फटका मारूनच फोडला होता. म्हणजे हातोडीत खोटा तर फुटेलच, खराही फुटेल, कळलं काय? वाफेचं पण तसंच. हिरा उष्णता पटकन पसरवतो म्हणून वाफ लगेच उडते हे बरोबर, पण मॉयसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा) हाही उष्णता चांगली वाहून नेतो, उष्णतेवरून हिरा ओळखणारा साधा थर्मल टेस्टरसुद्धा त्याला फसतो. त्यापेक्षा लूपमधून (जवाहिऱ्याच्या भिंगातून) खडा थोडा तिरका धरून बघा, मॉयसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा डबल दिसतात, हिऱ्यात नाही.

आता कॅरेट. इथे घोळ शब्दापासूनच आहे. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, आणि सोन्याचा कॅरेट म्हणजे 24 भागांत सोनं किती. वजनावरून हिरा केवढा दिसेल हेसुद्धा धड कळत नाही. नीट पैलू पाडलेला 1 कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण 6.5 मिमी दिसतो, 0.90 चा 6.2 च्या आसपास, हा फरक बोटावर कोणाला कळणारे? पण 1 चा आकडा गाठला की भाव उडी मारतो, म्हणून कधी कधी पैलू पाडताना पोट मुद्दाम खोल ठेवतात, सगळं वजन खाली कोंदणात लपतं आणि वरून तोच 1 कॅरेट 6 मिमीचा दिसतो. पैसे मात्र पूर्ण वजनाचे.

आणि कट, म्हणजे पैलू कसे पाडलेत, हा शब्द अख्ख्या फॉरवर्डमध्ये नाही! हिरा चमकतो तो कटमुळे, वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर यायला हवा, खडा उथळ असला की तो खालून निसटतो आणि फार खोल असला की मधे काळोख. मी एकदा दोन हिरे शेजारी ठेवून बघितलेत, एक डी कलरचा (म्हणजे अगदी रंगहीन, रंगाची सगळ्यात वरची पायरी), कागदावर एकदम टॉप, दुसरा चार-पाच पायऱ्या खालचा. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली दोन्ही सारखेच झगमगत होते (तिथे काचपण झगमगते), खिडकीपाशी नेऊन वर हाताची सावली धरली तर डी-वाल्याच्या मधोमध काळं बटण शिवल्यासारखं दिसायला लागलं, दुसरा तिथेही जिवंत.

व्हीव्हीएसचा हट्ट कशाला? क्लॅरिटी, म्हणजे आत डाग किती, ठरवतात ती 10 पट मोठं करून. व्हीव्हीएसच्या खालच्या व्हीएसमधले डाग नुसत्या डोळ्यांना सहसा दिसतच नाहीत, त्याखालच्या एसआयमध्ये डाग कुठे आहे ते बघावं लागतं. हां, एमरल्ड कट (लांबट चौकोनी आकार) घेणार असाल तर थोडं वर जा, त्याचे पैलू मोठे आणि सपाट, आतलं सगळं उघडं पडतं.

लॅबचा हिरा नकली नाही. तोही कार्बनच, एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता) किंवा सीव्हीडी (वायूतून थरावर थर) पद्धतीने वाढवलेला, अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) 2018 मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढला. झिरकोनिया, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा पण कार्बन नसलेला खडा, ही वेगळी वस्तू. पण विकताना लॅबच्या हिऱ्याला फार काही परत मिळत नाही, हे मान्य, भाव बरेच पडलेत. आणि दुकानदाराने तो लॅबचा आहे हे न सांगता विकला तर ती फसवणूकच.

राहिला धातू. 24 कॅरेट सोनं इतकं मऊ की हिरा धरणाऱ्या नख्या रोजच्या वापरात वाकतात आणि एक दिवस बोटावर नुसतं रिकामं कोंदण. म्हणून 18 कॅरेट (75 टक्के सोनं) किंवा 14. प्लॅटिनमवर ओरखडे उठतात, चांगले उठतात, फक्त धातू झिजून जाण्याऐवजी बाजूला सरकतो आणि अंगठीला एक मंद राखाडी झाक येते, कोणाला आवडते कोणाला नाही. व्हाइट गोल्डवर रोडियमचा मुलामा असतो, तो उतरला की आतून पिवळट दिसतं, परत चढवावा लागतो, आणि निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधी विचारा आत काय मिसळलंय. हिऱ्याचा रंगही धातू बघूनच ठरवा, पिवळ्या सोन्यात जे-के कलरची (डीच्या बऱ्याच पायऱ्या खाली) किंचित पिवळी छटा मिसळून जाते, तीच प्लॅटिनममध्ये डोळ्यांवर येते, मग पिवळ्या सोन्यासाठी डी कलरचे पैसे का भरायचे?

मावसभावाला सांगितलंय, अंगठी घेतल्यावर स्वेटरचा धागा तिच्यात अडकायला लागला तर एखादी नखी उचललीये समज, आणि दुरुस्त होईपर्यंत ती बोटातून काढूनच ठेव.