एकाच देवाची भक्ती आणि ‘पायटी’चे गुण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्रीच वाचली, सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ते उडवाउडवीचं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीक पुराणकथांच्या जगात डंजन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन (फासे टाकत, एकेका पात्राच्या भूमिकेत शिरून अनेक बैठकांत खेळायची गोष्ट) चालवण्याबद्दल मी लिहिलं होतं, आणि या खेळासाठीच्या थेरॉस नावाच्या ग्रीक धर्तीच्या जगाच्या पुस्तकातला ‘पायटी’चा, म्हणजे देवभक्तीच्या गुणांचा, नियम मी माझ्या टेबलावर वापरत नाही असं त्यात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं: नियम उत्तम आहे, त्यामुळे खेळाडू देवांकडे लक्ष तरी देतात. तो काढून मी शरणागती, अतिथिधर्म, रक्ताचा विटाळ असलं काही आणते, आणि आठवडाभर राबून खेळायला आलेल्यांना ग्रीक धर्माच्या शिकवणीला बसवते. आणि या कथांचे शेवट सगळ्यांना ठाऊक असताना खेळाडूच्या निर्णयाला तिथे जागा कुठे? शिवाय मेड्युसाबद्दलची एक चूक तुम्ही दाखवलीत.

चुकीचं आधी सांगते. अथेनाने शिक्षा म्हणून मेड्युसाच्या केसांचे साप केले, ही मूळ ग्रीक कथा, असं मी लिहिलं होतं. ते चुकलंच. जुना ग्रीक कवी हेसिऑड याच्याकडे मेड्युसा पहिल्यापासूनच गॉर्गन, म्हणजे राक्षसी, आहे, तिघी बहिणींमधली एकटी मर्त्य. शिक्षेची कथा ओव्हिड या कवीची, म्हणजे रोमन, आणि हेसिऑडनंतर सुमारे ७०० वर्षांनी लिहिलेली. लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

आता पायटी. थेरॉस हे जग आधी २०१३ मध्ये मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात आलं आणि २०२० मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचं पुस्तक होऊन आलं. नियम सोपा आहे. तुमचं कॅरेक्टर एक देव निवडतं, त्या देवाला रुचेल असं काही केलं की गुण वाढतात, आणि ३, १०, २५, ५० असे टप्पे गाठले की देव काहीतरी देणगी देतो. खेळ म्हणून हे छान चालतं, यात वाद नाही. नव्या खेळाडूला देव म्हणजे कॅरेक्टर शीटवरची एक रिकामी ओळ वाटत नाही, हे तुमचं निरीक्षण मीही अनुभवलं आहे.

माझी अडचण ‘एक देव निवडा’ इथे आहे. ग्रीक जगात एकच देव निवडून बाकीच्यांकडे पाठ फिरवणं हाच अपराध आहे. युरिपिडीसचं ‘हिप्पोलिटस’ हे नाटक इ.स.पू. ४२८ मध्ये अथेन्सला रंगमंचावर आलं. त्याची सुरुवातच बघा. हिप्पोलिटस शिकारीहून परततो आणि कधी विळा न लागलेल्या कुरणातल्या फुलांचा हार शिकारीची कुमारी देवी आर्टेमिस हिच्या मूर्तीला घालतो. दारात प्रेमाची देवी अफ्रोडायटी हिचीही मूर्ती उभी आहे. म्हातारा नोकर हळूच सुचवतो, हिलाही नमस्कार करा. हा म्हणतो, मी शुद्ध आहे, हिला माझा लांबूनच नमस्कार. बस, एवढंच. अफ्रोडायटी त्याच्या सावत्र आईला त्याच्याच प्रेमात पाडते, ती गळफास घेते आणि मागे त्याच्यावर खोटा आरोप करणारी पाटी ठेवते, बाप शाप देतो, समुद्रातून बैल उसळतो आणि हिप्पोलिटसचेच घोडे बिथरून त्याला खडकांवरून फरफटत नेतात.

पायटीच्या हिशेबात या मुलाचे पन्नास गुण कधीच भरले असते. मग आर्टेमिस कुठे होती? ती येते, पण तो मरायला टेकल्यावर. आणि सांगते की एका देवाने मनात आणलेलं दुसऱ्या देवाने मोडायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. पुढे तर म्हणते, मेलेल्या माणसाकडे बघणं आम्हा देवांना वर्ज्य, आणि त्याचा प्राण जायच्या आत निघून जाते. हा प्रसंग वाचल्यापासून ‘पन्नास गुण झाले, घ्या देणगी’ असं टेबलावर म्हणताना माझी जीभ अडखळते.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक कॅरेक्टरच्या नावापुढे सगळ्याच मोठ्या देवांची नावं असतात. गुण नसतात. कोणाला शेवटचं काय वाहिलं आणि कधी, एवढीच नोंद. ज्या नावापुढची जागा बरेच दिवस रिकामी, तिकडून पुढचं संकट येतं. ही युक्ती माझी नाही, होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यातली आहे. कॅलिडॉनचा राजा ओइनिअस सुगीच्या वेळी सगळ्या देवांना वाहतो आणि आर्टेमिसला विसरतो. ती त्याच्या मळ्यांवर रानडुक्कर सोडते, आणि ते मारायला गावोगावचे वीर गोळा करावे लागतात. एका विसरलेल्या नैवेद्यातून अख्खं कॅम्पेन उभं राहतं.

आता शिकवणीचा आरोप. तो मला खरंच लागला, म्हणून टेबलावर काय घडलं तेच सांगते.

गेल्या पावसाळ्यातलं सेशन. थेसलीतल्या एका खिंडीत लुटारूंनी आमच्या मंडळींना अडवलं. लढाई नेहमीसारखी झाली. एकच लुटारू उरला, चार हिट पॉइंटवर, म्हणजे जिवाचे चारच गुण शिल्लक. जिची पाळी होती ती खेळाडू नर्स आहे, रात्रपाळी करून थेट आली होती. तिने फासा मुठीत घेतला. मी म्हटलं, “त्याने तलवार टाकली आहे. एका हाताने तुझे गुडघे धरलेत, दुसरा हात तुझ्या हनुवटीला लावलाय.” शरण येण्याची खूण हीच. इलियडमध्ये समुद्रदेवी थेटिस देवांचा राजा झ्यूस याच्याकडे मागणं घेऊन जाते तेव्हा डाव्या हाताने त्याचे गुडघे धरते आणि उजवा हात हनुवटीखाली नेते.

ती म्हणाली, “म्हणजे आता मारता येणार नाही?”

“येईल की. फासासुद्धा टाकायला नको. पण शरणागताचा वाली झ्यूस आहे.”

फासा मुठीतच राहिला. मग म्हणाली, “ऊठ म्हणावं त्याला.” आणि तेवढ्यात तिच्या शेजारच्याने बाण सोडला. त्याच्या कॅरेक्टरच्या भावाला याच टोळीने मारलं होतं.

पुढच्या गावात त्या तिरंदाजाशी कोणी बोलेना. चुलीजवळ बसू देईनात, पाणी दिलं ते दाराबाहेर ठेवून. याला ग्रीक शब्द मिआस्मा. आपल्याकडचं सुतक दिवस भरले की फिटतं. हे दिवसांनी फिटत नाही. दुसऱ्या कोणीतरी तुम्हाला आपल्या चुलीपाशी बसवून धुवावं लागतं, आणि रक्त रक्तानेच धुतलं जातं. अपोलोनिअसच्या ‘अर्गोनॉटिका’ या काव्यात वीर जेसन आणि त्याची प्रेयसी मेडिया, तिच्या भावाचा खून करून, सर्सी या जादूगारिणीकडे येतात. काही न बोलता चुलीजवळ बसतात, जेसन तलवार जमिनीत रोवतो. सर्सी समजते. कोण, कुठले, काही न विचारता ती डुकराच्या पिल्लाचा गळा चिरते आणि ते रक्त त्यांच्या हातांवर ओघळू देते. विधी झाल्यावर विचारपूस करते, आणि मग दोघांना घराबाहेर काढते.

यातलं एक अक्षरही मी टेबलावर सांगितलं नव्हतं. खेळाडूंना एवढंच कळलं होतं की कुणीतरी आपल्या माणसाला घरात घेतल्याशिवाय सुटका नाही. दोन सेशन्स ते दारोदार फिरले, एकही लढाई न होता. शेवटी एका म्हातारीने त्याला आत बोलावलं. तिरंदाजाने मला विचारलं, “हे घर कोणाचं?” मी तोंड उघडायच्या आत नर्सच म्हणाली, “त्या मेलेल्या लुटारूच्याच आईचं असणार.” मी ते तसंच ठेवलं. नियम तिला कोणी शिकवला नव्हता, पण तो कुठवर जातो हे तिला माझ्याआधी दिसलं.

राहिला ठरलेल्या शेवटाचा मुद्दा. ज्यांनी या कथा सांगितल्या त्यांनीच शेवट ठरलेले ठेवले नाहीत. कवी स्टेसिकोरस म्हणतो, जिच्यासाठी ट्रॉयचं युद्ध झालं ती हेलन ट्रॉयला गेलीच नाही, तिची नुसती छाया गेली. बापाने बळी द्यायला काढलेली इफिजेनिया एका ठिकाणी वेदीवर मरते आणि दुसरीकडे आर्टेमिस तिला उचलून नेते. भविष्यवाणीही शेवट ठरवत नाही, ती भांडण लावते. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजा चालून येत असताना डेल्फीच्या देवळातल्या भविष्यवाणीने अथेन्सला सांगितलं, लाकडी भिंतच तुम्हाला तारेल. काही म्हातारे म्हणाले, म्हणजे अक्रोपोलिस या गडाभोवतीचं जुनं काटेरी कुंपण. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस म्हणाला, जहाजं. कुंपणावर विसंबलेले अक्रोपोलिसवर मारले गेले, आणि जहाजं सॅलमिसच्या समुद्री लढाईत जिंकली. वाणी दोघांना एकच होती.

आमच्या मंडळींना सध्या मिळालेली वाणी अशी: ‘नांगर जिथे पाण्यात चालेल तिथे थांबा.’ नर्सचं म्हणणं, हे कोपाइस सरोवर, कारण कथेतल्या हेराक्लीसने पाणी जायच्या वाटा बुजवून ऑर्कोमेनस शहराची शेतं तिथेच बुडवली. तिरंदाज म्हणतो, नांगर म्हणजे जहाजाचा कणा, समुद्राकडे चला. तीन आठवडे वाद चालू आहे. मी दोन्हीकडचे नकाशे काढून ठेवले आहेत, शनिवारी ते कुठे वळतात ते बघायचं.