विद्या चितेवर गेली, हे खरं नव्हे

चतुर्थी जवळ आली की एक मजकूर मोबाईलवर फिरू लागतो: ‘गोव्याच्या वैद्यांनी झाडपाल्याची विद्या कुणाला सांगितली नाही, ती त्यांच्याबरोबर चितेवर गेली. आजच्या पोरांना तिची गोडी नाही. उरलं ते पुस्तकांत आहे.’

पहिलं विधान अन्यायाचं आहे. औषधाचं नाव फोडलं की गुण जातो, असं मानणारी घरं होती आणि आहेत. पण गोव्यातून कोचीनला गेलेल्या समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांनी डच अधिकारी व्हान रीड याला झाडांची माहिती दिली, आणि १६७५ साली तसं नागरी लिपीत लिहूनही दिलं. तो लेख व्हान रीडच्या ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात छापलेला आहे. परक्याला सांगणारे घरच्यांना सांगत नव्हते?

शिवाय सगळी विद्या वैद्यांकडे होतीच कुठे? खोकल्याला अडुळसा, तापाला किराईत, पहिल्या पावसानंतर टाकळ्याची भाजी, हे सुईणींना आणि घरच्या बायकांना ठाऊक होतं. त्यात गुपित काहीच नव्हतं.

पुस्तकांचं म्हणाल तर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ गोव्यातच १५६३ साली छापला गेला. तरी पुस्तक हातात घेऊन रानात गेलेला माणूस कुड्यापाशी अडतो. जुलाबावर साल वापरतात ती पांढऱ्या कुड्याची. काळा कुडा दिसायला तसाच, आणि बाजारात त्याची साल हिच्यात मिसळलीही जाते. माझ्या काकीने मला फरक शिकवला तो माटोळीसाठी, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळं-पानं बांधतात त्यासाठी, रानात नेऊन. शेंगा जोडीनेच लोंबतात; कोवळेपणी त्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली दिसली तर तो काळा. दोन्ही फांद्या माझ्या हातात देऊन तिने विचारलं, ‘सांग, खंयचो?’ म्हणजे कुठला? मी दोनदा चुकले. कळलावीचं फूल तोडतानाही तिने आधी बजावलं होतं, कंद विषारी, बोट तोंडाला लावू नकोस. माटोळी ही आमची शाळा होती, दरवर्षी भरणारी, आणि तिथे मुलांनाही काम असायचं.

म्हणून पोरांना गोडी नाही, हेही मी मानत नाही. आता माटोळीचं सामान म्हापशाच्या बाजारातून जुड्या बांधून घरी येतं. रान दिसत नाही, नाव कुणी सांगत नाही. डिचोली-सत्तरीत कित्येक डोंगर खाणींनी पोखरले. नेलंच नाही तर मूल शिकणार कुठून?

ज्या बायका त्या जुड्या विकायला बसतात, त्यांना प्रत्येक फळाचं नाव आणि ते कुठल्या डोंगरावरचं तेही माहीत असतं. गेल्या वर्षी माझ्या मुलाने एकीला कुड्याच्या शेंगेबद्दल विचारलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तिने जुडी सोडून त्याला टोक दाखवलं.